तंजावरची सहल कशी आखावी?
(ऊस विकास विभागाकडून सभासदांसाठी)



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खत-पाणी यांवर लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा आहे, पण अगदीच परका नाही. कोईमतूर, तंजावर, मदुराई या भागात सहल काढावी अशी मागणी बऱ्याच गटांतून होत आहे. सहल काढणे सोपे. ती आखणे अवघड. त्यात आमच्याच हातून एकदा मोठी चूक झालेली असल्याने हा धडा आधी आमचा आणि मग तुमचा आहे.

काही वर्षांमागे आम्ही अडतीस सभासदांना घेऊन याच भागात गेलो होतो. कार्यक्रम आम्हीच ऑफिसात नकाशा आणि फूटपट्टी घेऊन बसून केला. सात दिवसांत नऊ गावे! कागदावर फार देखणा दिसत होता. तंजावरला गाडी पोचली दुपारी एक वाजता. देऊळ बंद झालेले, उघडणार चार वाजता, आणि रात्रीचा मुक्काम तर मदुराईला ठरलेला. अर्धा तास बाहेर उन्हात उभे राहून, कळसाकडे हात जोडून मंडळी परत गाडीत बसली. परतीच्या रेल्वेत एका सहप्रवाशाने विचारले, "त्या देवळातला मराठी शिलालेख वाचलात का?" आम्हाला तो तिथे आहे हेच ठाऊक नव्हते! आमचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते समोरच बसले होते. तेव्हापासून वार्षिक सभेला भेटले की त्यांचा एकच प्रश्न असतो, "साहेब, ती मराठी भिंत ऱ्हायलीच की वो आमची." आज आबांचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे साथ देत नाहीत. या खेपेची आखणी आम्ही आबांचे गुडघे डोळ्यांपुढे ठेवून केली आहे, आणि त्यांच्याबरोबर काकूही येणार आहेत. मागच्या वेळी सगळे पुरुषच होते, तीही आमची चूकच.

कधी निघावे?

कोणी म्हणेल, गळीत संपल्यावर एप्रिल-मेमध्ये जाऊ. त्या दिवसांत तिकडचे ऊन कडक असते आणि देवळात अनवाणी जावे लागते. दगडी फरशीवर चार पावले टाकली की तळवे भाजतात. नोव्हेंबरमध्ये जावे तर आपल्याकडे कारखाना नुकताच सुरू झालेला, पूर्वहंगामी लागणी चाललेल्या, आणि तिकडे ऐन पावसाळा. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, त्यांचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. हे ध्यानात न घेता पुष्कळ लोक दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जातात आणि भिजून येतात.

राहिला जानेवारी. त्यात १४-१५ तारखेला पोंगल. आपली संक्रांत तोच त्यांचा मोठा सण. दारोदार उसाचे जोड उभे करतात, बाजारात काळ्या-जांभळ्या उसाच्या मोळ्या लागतात. ऊसवाल्याने बघावे असेच ते दृश्य, पण त्या आठवड्यात सारा मुलूख गावाकडे निघालेला असतो. रेल्वे नाही, एसटी नाही, लॉज नाही. म्हणून पोंगल होऊ द्यावा आणि २० जानेवारीच्या सुमारास निघावे. पाऊस संपलेला, ऊन अजून सोसवणारे. शिवाय कावेरीच्या कालव्यांना मेट्टूर धरणातून पाणी साधारण १२ जूनला सोडायचे आणि २८ जानेवारीला बंद करायचे असा तिकडचा रिवाज आहे. धरणातल्या साठ्याप्रमाणे तारखा मागेपुढे होतात, पण जमले तर वाहते कालवेही बघायला मिळतील.

आपल्या शेताकडून पाहता, जुलै-ऑगस्टच्या आडसालीची मोठी बांधणी तोवर उरकलेली असते. थंडीमुळे दोन पाळ्यांतले अंतर वाढलेले असते, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी देऊन निघावे. ज्यांचा ऊस डिसेंबरअखेर तुटला त्यांनी बुडखे छाटून, पाचट सरीत दाबून, पहारीने खत देऊन मगच पिशवी भरावी. खोडव्याचे पहिले पंधरा दिवस गेले की गेले. सुरूची लागण राहिली असेल तर घरात कोणी जाणते माणूस ठेवावे. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, "सहलीला जायचंय, आमची तोड आधी द्या" असे कोणी चिटबॉयला म्हणू नये. तोड नंबरानेच मिळेल. ज्यांचा नंबर त्याच बारा दिवसांत येतो त्यांनी पुढच्या वर्षी यावे.

उलटे मोजत यावे

आमची मागली चूक अशी की आम्ही निघण्याच्या दिवसापासून पुढे मोजत गेलो. जागा मिळेल तिथे एकेक गाव कोंबत गेलो. खरे तर परतीच्या गाडीपासून सुरुवात करावी. मदुराईहून सोलापूर-पुण्याकडे येणाऱ्या गाड्या ठराविक वारीच असतात. तो वार आधी पक्का करायचा आणि मग एकेक दिवस मागे मोजत यायचे. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. म्हणजे २० जानेवारीसाठी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात खिडकी गाठावी लागेल. त्याआधी नावे आणि पैसे दोन्ही हातात हवेत. नुसती नावे देणारे पुष्कळ असतात! म्हणून माणशी खर्च काढताना चाळीस जागांची बस असली तरी भागाकार पस्तीसनेच करावा. जास्त आले तर पैसे परत देता येतात, कमी आले तर मागताना तोंड वाईट होते. आणि सगळा खर्च ज्याचा त्याने करायचा आहे, कारखान्याच्या पैशाला हात लागणार नाही.

दुसरी गोष्ट, तिकडच्या देवळांची वेळ. बहुतेक मोठी देवळे पहाटे उघडतात, दुपारी साधारण साडेबाराला बंद होतात आणि चारला पुन्हा उघडतात. सारी आखणी या साडेतीन तासांवर उभी आहे. देवळे सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी धरण, कारागिरांची घरे, वाडे, संग्रहालये किंवा प्रवास. हे एक सूत्र सांभाळले तर कुठेही दारात बसायची पाळी येत नाही.

तिसरी गोष्ट मुक्कामाची. रोज गाव बदलले की रोज सकाळी बोचकी बांधणे, रोज रात्री खोल्यांची वाटणी, आणि कुणाचा तरी टॉवेल मागच्या गावात. म्हणून तंजावरला सलग तीन रात्री राहायचे आणि आसपासचे तिथून बघायचे.

कोईमतूर

सोलापूरमार्गे कोईमतूरला थेट गाडी आहे. पोचलो की तो दिवस विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊस पैदास केंद्र. हे सरकारी कार्यालय असल्याने शनिवार-रविवार आणि २६ जानेवारी टाळावी लागते. महिनाभर आधी पत्र घालून परवानगी घ्यावी लागते, ते आम्ही करू.

आपण शेतात "को" म्हणतो ते अक्षर म्हणजेच कोईमतूर. आपल्या वाडवडिलांनी को ४१९ लावला, मग को ७४० आला, आणि आज आपण को ८६०३२ लावतो, तो सगळा याच दारातून आला. कोसी ६७१ मधला "सी" कडलूरचा, तेही तामिळनाडूतच. को एम ०२६५ मधला "एम" मात्र आपल्या महाराष्ट्राचा, तो पाडेगावचा.

हे केंद्र १९१२ साली सुरू झाले. बार्बर आणि वेंकटरामन या दोघांनी तिथे जाड, गोड उसाचा रानटी कास गवताशी संकर केला. ओढ्याकाठी उगवते तेच गवत, ज्याला आपले जनावरही मन लावून तोंड लावत नाही! त्यातून को २०५ निघाला आणि १९१८ साली तो उत्तर हिंदुस्थानच्या शेतकऱ्याला मिळाला. उसाला काटकपणा आला तो त्या गवताचा. आपल्या शेतात तुरा आला की आपले काळीज धडधडते, वजन घटते, पोकळी पडते. तिथे मात्र तुऱ्याची वाट पाहतात, कारण तुरा नाही तर बी नाही आणि बी नाही तर नवी जात नाही. कोईमतूरच्या हवेत ऊस चांगला फुलतो म्हणून तर केंद्र तिथे झाले. देशातल्या निरनिराळ्या संशोधन केंद्रांसाठी संकर तिथल्याच बागेत होतात. जानेवारीअखेर तुऱ्याचा हंगाम सरलेला असेल, तेवढी उणीव राहील. तुरा बघायचा तर पावसात जावे लागते, आणि चाळीस माणसे घेऊन ते आम्हाला पेलणार नाही.

दुपारी जेवून त्रिचीला निघायचे, सुमारे २१५ किलोमीटर. बस कोईमतूरचीच ठरवावी. आपली बस इथून नेली तर ड्रायव्हरला भाषा येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, आणि हिंदीवर तिकडे फारसे भागत नाही. रात्रीचा प्रवास कुठेही ठेवलेला नाही.

कावेरीचे पाणी

त्रिचीला सकाळी श्रीरंगम. कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन पात्रांमधल्या बेटावर हे रंगनाथाचे देऊळ आहे. एकात एक सात प्राकार, आवार १५६ एकरांचे. आपल्यातल्या कितीकांच्या साऱ्या वस्तीचे क्षेत्र मिळून तेवढे भरणार नाही. बाहेरचे मोठे गोपूर २३६ फूट उंच आहे, पण ते पुरे झाले १९८७ साली. गावातला खडकावरचा किल्ला मात्र आम्ही गाळला. चारशेच्या वर पायऱ्या आहेत. तरुणांनी हवे तर पहाटे चढून यावे.

दुपारी, देवळे बंद असताना, कल्लणै. सभासदांनी ही जागा डोळे भरून बघावी असे आम्हाला वाटते. चोळ राजा करिकाल याने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी हा बंधारा बांधला असे मानतात. कोळ्ळिडमचे पात्र खोल आणि उताराचे. कावेरीचे पाणी मोकळे सोडले तर ते त्या बाजूला निसटणार आणि खालचा सारा भातमुलूख कोरडा राहणार. म्हणून वाळूच्या पात्रात मोठमोठे दगड बसवून सुमारे ३३० मीटर लांबीची, किंचित वळणाची भिंत घातली. वाळू आहे, खाली खडक नाही, तरी ती टिकली. पूर आला तर जादा पाणी कोळ्ळिडमकडे सोडायचे आणि कामाचे पाणी कावेरीत ठेवायचे, अशी ही वाटणी. पुढे इंग्रजी अमदानीत आर्थर कॉटनने वरच्या अंगाला १८३६ साली दुसरा बंधारा बांधला, कल्लणैलाही दारे बसली, नंतर नवा कालवा निघाला. पण बंधारा आजही चालू आहे.

आपल्याकडे कालव्याच्या टेलच्या सभासदाला पाणी पोचत नाही म्हणून दरवर्षी अर्ज येतात. त्यातले निम्मे आमच्याच टेबलावर असतात. कल्लणैच्या पुलावर उभे राहून पाणी कुठून कुठे वळते ते बघा, आणि खालच्या गावच्या शेतकऱ्याला, ड्रायव्हरमार्फत का होईना, एकच विचारा की त्यांच्याकडे शेवटच्या शेताला पाणी कधी मिळते. भांडणे तिथेही असणारच. ती कशी मिटतात ते ऐकून या. संध्याकाळपर्यंत तंजावर.

तंजावर

हा पूर्ण दिवस एकाच गावाला दिला आहे. कार्यकारी मंडळातल्या एका ज्येष्ठांनी आम्हाला विचारले, "एका देवळाला अख्खा दिवस?" होय, अख्खा दिवस.

पहाटे सहाला देवळात जायचे. राजराज चोळाने हे बृहदीश्वराचे देऊळ १०१० साली पुरे केले. विमान सुमारे २१६ फूट, सगळा ग्रॅनाइट दगड, आणि जवळपास डोंगर नाही. गाइड सांगेल की कळसाची सावली जमिनीवर पडत नाही. सकाळीच गेलेले असाल तर सावली तुम्हाला आपोआप दिसेल, त्याच्याशी वाद घालू नका.

खालच्या जोत्यावर तमिळ अक्षरे कोरलेली दिसतात. ती स्तोत्रे आहेत असे आम्हाला वाटायचे. पण तो बहुतेक हिशेब आहे! कोणत्या गावाने किती भात द्यायचे, कोणी किती दागिने वाहिले, देवळात नाचणाऱ्या चारशे स्त्रियांना कोणते घर आणि किती वाटा. एक नंदादीप कायम तेवावा म्हणून धनगराकडे ९६ मेंढ्या सोपवायच्या आणि त्याने रोजचे तूप पोचवायचे, असे करार. हजार वर्षांपूर्वीचे ताळेबंद भिंतीवर, कोणीही येऊन वाचावे असे. आपल्या वार्षिक अहवालाची पाने किती जण उलटतात ते आम्हाला ठाऊक आहे.

आणि मग आबांची भिंत. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि भोसल्यांचे ते राज्य १८५५ पर्यंत चालले. दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ साली याच देवळाच्या आवारात आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. अक्षरे देवनागरी, भाषा मराठी, त्यामुळे आपल्या माणसाला ओळी लावता येतात. भाषा जुनी आहे, सगळे लागणार नाही. पण घरापासून इतक्या दूर, तमिळ मुलखात, दगडावरचे मराठी बोटाने वाचायला मिळते. यासाठी किमान एक तास ठेवला आहे, बसायला सतरंजी आणि वाचणाऱ्याला चष्मा.

दुपारी राजवाडा आणि सरस्वती महाल. ताडपत्रे, मोडी कागद, मराठी हस्तलिखिते असा मोठा संग्रह तिथे आहे. त्याचा थोडा भागच बघायला मिळतो. याच सरफोजीराजांनी १८२० च्या सुमारास सुमारे तीन हजार माणसे बरोबर घेऊन काशीयात्रा केली होती. आम्हाला चाळीसच न्यायची आहेत. तंजावरात आजही घरात मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या बोलीला तमिळचा हेल आहे, पण ती आपलीच आहे. भेट झाली तर हसू नये, ऐकावे. सांबार हा पदार्थ तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात जन्मला असेही सांगतात. ती दंतकथा म्हणून जेवताना सांगायला बरी आहे.

संध्याकाळी चारनंतर ज्याला हवे त्याने देवळात पुन्हा जावे. दगडाचा रंग उतरत्या उन्हात बदलतो.

दुसऱ्या दिवशी कुंभकोणमची बाजू. सकाळी दारासुरमचे बाराव्या शतकातले देऊळ, लहान पण फार नाजूक कामाचे. दुपारी स्वामिमलै, तिथे कावेरीच्या गाळाच्या मातीचा साचा करून मेणावर पंचधातूच्या मूर्ती ओततात. चारनंतर गंगैकोंडचोळपुरम, राजराजाच्या मुलाची राजधानी. आज तिथे देऊळ आणि शेते एवढेच राहिले आहे. वाटेत भाताची कापणी चाललेली दिसेल. मुक्काम पुन्हा तंजावरलाच.

मदुराई, रामेश्वर आणि जे गाळले ते

२६ जानेवारीला सरकारी जागा बंद असण्याची शक्यता, म्हणून तो दिवस मदुराईच्या प्रवासाचा ठेवला आहे. मीनाक्षीच्या देवळात मोबाइल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. चारी दिशांना उंच गोपुरे, सारखीच दिसणारी. चुकीच्या दारातून बाहेर पडले की चपला एकीकडे, माणूस दुसरीकडे आणि फोन नाही. म्हणून आठ-आठ जणांचे गट करू, प्रत्येक गटाला एक प्रमुख, आणि आत गेलो त्याच दाराशी भेटायचे. त्याचे नाव, दक्षिण की पूर्व, आत जाताना मोठ्याने म्हणून घ्यावे.

यादीतून उटी गेली, कन्याकुमारी गेली, तिरुपती आणि चिदंबरमही गेले. आम्हाला बोल लागणार हे माहीत आहे. रामेश्वर मात्र ठेवले. मदुराईपासून सुमारे १७० किलोमीटर, पांबनचा नवा रेल्वेपूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला आहे. त्याचे दोन दिवस वाढले, आणि अभ्यास सहलीत त्याचे काय काम असेही कोणी विचारील. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला "रामेश्वर पुढल्या खेपेला" म्हणायची आमची छाती नाही. जाऊन-येऊन एकूण बारा दिवस होतात.

बरोबर काय घ्यावे? जाड मोजे, देवळातल्या तापल्या फरशीसाठी. रोजच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील इतक्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. साखर कारखान्याच्या सभासदांत साखरेचा आजार बराच आहे, त्यांनी विशेष काळजी घ्यावी. शेंगदाण्याची चटणी प्रत्येकी एक डबा. तीन दिवस भात झाला की आपली मंडळी भाकरी आठवून रुसतात असा अनुभव आहे.

नावे १५ ऑक्टोबरपर्यंत गटातील शेतकी मदतनीसाकडे निम्म्या रकमेसह द्यावीत. पती-पत्नी मिळून येणाऱ्यांना प्रथम जागा.

शेवटी खास आमच्या खात्याची सूचना. कोईमतूरला किंवा वाटेत कुठे चांगला ऊस दिसला की दोन कांड्या पिशवीत टाकायचा मोह होतो. कृपा करून आणू नका. लाल कूज, काणी, गवताळ वाढ हे रोग बेण्यातून प्रवास करतात आणि डोळ्याला दिसत नाहीत. बेणे आपल्या मळ्यातलेच, बीजप्रक्रिया केलेले घ्यावे. परत आल्यावर स्टेशनवर पिशव्या आम्ही स्वतः तपासणार आहोत, आबांचीसुद्धा.